सलग पाच कोरडे दिवस

अनघा गेली तो दिवस गुरुवार होता. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयातून फोन आला. मी रिक्षाने मुलुंड पश्चिमेला गेलो. साडेआठला मी तिथेच होतो, कागदांवर सह्या करत होतो. त्यामुळे त्या दिवशी आमच्या गच्चीवरचा पाऊस कुणी मोजला नाही.

ह्याला दोन वर्षं झाली. आता पुन्हा परतीच्या पावसाचे दिवस आले आहेत. सकाळ कोरी असते. डोंगर धुऊन पुसून ठेवल्यासारखे जवळ दिसतात. दहा वाजले की घाम सुरू होतो आणि दुपारी जेवून जरा आडवं व्हावं तर ठाण्याच्या बाजूने काळं भरून येतं. जून-जुलैत पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. परतीचा पाऊस उलटा येतो, पूर्वेकडून, डोंगर उतरून, आणि येताना गडगडाट घेऊन येतो. आमच्या इमारतीतल्या बायका अजूनही पश्चिमेकडे बघून कपडे वाळत घालतात आणि दर वर्षी फसतात. अनघा पूर्वेकडे बघत असे. तिचे कपडे सहसा भिजत नसत. माझे भिजत, कारण मला पुस्तकातून डोकं वर काढायची आठवण राहत नसे.

ती हवामानाचा अभ्यास करायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे इमारतीत कुणालाच नीट सांगता आलं नसतं. जिन्यात भेटलेला प्रत्येक जण विचारायचा, उद्या पाऊस आहे का हो? मुलाची मुंज आहे, गावाला जायचंय, गादी उन्हात टाकायचीय. ती शांतपणे सांगायची की उद्याचं मला कळत नाही, गेल्या तीस वर्षांचं विचारा. लोक हसायचे. त्यांना वाटायचं ती टाळते आहे. खरं म्हणजे ती अगदी नेमकं उत्तर देत असे.

पावसाच्या येण्यावर सगळं जग काम करतं, असं ती म्हणायची. केरळात कधी, कोकणात कधी, मुंबईत कधी. वर्तमानपत्रांत त्याचे नकाशे येतात, बाण येतात. तो जातो कधी आणि जातो कसा, ह्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. तिने आयुष्यभर तेवढीच चौकशी केली. तिचा प्रबंध त्यावर होता, तिची नोकरी त्यावर होती, परदेशातल्या परिषदांतून ती त्यावरच बोलून आली. एकदा मुलुंडच्याच एका मराठी शाळेत तिला बोलावलं होतं. तिने पाचवीच्या वर्गाला विचारलं, पाऊस संपला हे कसं ओळखायचं? इंद्रधनुष्य, थंडी, दिवाळीची सुट्टी अशी उत्तरं आली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आमची आई छत्र्या माळ्यावर टाकते तेव्हा. अनघा त्या उत्तराने इतकी खूश झाली की पुढच्या परिषदेत तिच्या भाषणाची सुरुवात त्यानेच झाली. घरी येऊन मला म्हणाली, बघ, हीच तर सगळी अडचण आहे. सगळ्या आया छत्र्या लवकर माळ्यावर टाकतात. पाऊस अजून गेलेलाच नसतो.

तो गेला हे ठरवायला तिचा एक घरगुती नियम होता. सलग पाच कोरडे दिवस. मोठ्या संशोधनात आणखी बरंच काही बघावं लागतं, वारा, हवेतला ओलावा आणि मला न समजणारी पुष्कळ गणितं. पण आमच्या गच्चीपुरता हा नियम पुरेसा होता. चार दिवस कोरडे गेले आणि पाचव्या दिवशी चमचाभर पडला, तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मी तिला म्हणायचो की ही तर लहान मुलांच्या खेळासारखी गंमत झाली, बाद झालं की पुन्हा पहिल्या घरात. ती म्हणायची, खेळच आहे, फक्त तो खेळतो आणि आपण घरं आखून बसतो.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, जुनी, चार मजली. गच्चीवरून एका बाजूला मिठागरं दिसतात. ह्या दिवसांत ती पाण्याने भरलेली असतात आणि त्यांत आभाळ पडलेलं असतं. पाऊस थांबल्याची खात्री झाली की तिथे माणसं येतात आणि वाहून गेलेले बांध घालायला घेतात. त्यांना पाऊस गेल्याचं कळतं ते कसं, हे विचारायला अनघा एकदा चिखल तुडवत तिथपर्यंत गेली होती. एका म्हाताऱ्या मुकादमाने तिला सांगितलं, पायाला कळतं. तिने ते वहीत लिहून घेतलं. तिच्या वहीत अशी बरीच वाक्यं होती, आकड्यांच्या शेजारी, समासात.

गच्चीच्या मधोमध तिने पर्जन्यमापक बसवला होता. दिसायला तो एक उंच डबा, वर गोल तोंड, आत नरसाळं आणि खाली पाणी साठवायची बाटली. रोज सकाळी साडेआठला ते पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वाचायचा. लग्न होऊन ह्या घरात आलो त्या वर्षीपासून हे चालू होतं. सोसायटीला तो डबा कधीच मानवला नाही. वरच्या मजल्यावर सेक्रेटरी सावंत राहत, मालवणकडचे, तोंडाने फटकळ आणि मनाने फार चांगले. त्यांच्या छतातून पाणी गळायचं, त्यामुळे त्यांना गच्चीवर पत्र्याची शेड हवी होती, आणि शेड झाली तर डब्यात पाऊस पडणार कसा म्हणून अनघाचा विरोध. दर वार्षिक सभेत हा विषय निघे. एका सभेतलं सावंतांचं वाक्य आमच्या घरात कायमचं राहिलं. ते उभे राहून म्हणाले, "सगळी माणसां पाऊस घरात येवचो नाय म्हणान भांडतत. आणि ह्ये वैनी तो डब्यात धरून ठेवतत."

सगळी सभा हसली. अनघाही हसली. मग म्हणाली, "सावंत, तुमच्या छतातून किती गळतं तेही रोज मोजून देते. चालेल?"

शेड पुढच्या वर्षावर गेली. अशी ती बरीच वर्षं पुढच्या वर्षावर जात राहिली. चावी मात्र सावंतांकडे असे आणि साडेआठच्या आधी पाच मिनिटं ते स्वतः गच्चीचं कुलूप उघडून ठेवत.

मला मोजायला शिकवलं ते ती सहा महिन्यांसाठी परदेशी गेली तेव्हा. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, माझं आयुष्य वेळच्या वेळी नोंदी करण्यात गेलेलं, त्यामुळे हे सोपं जाईल असं मला वाटलं. तिने आठ दिवस माझ्याकडून सराव करून घेतला. पाण्याची कड काचेला वर चढलेली असते, ती वाचायची नाही. मधली, खाली वाकलेली रेषा वाचायची, आणि ती वाचायला आपण गुडघ्यात वाकायचं. "पात्र उचलून डोळ्यासमोर आणू नकोस," ती म्हणायची. "तू खाली ये." आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती मला तेव्हा विचित्र वाटली होती. आज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा, जरी तो सगळा काल पडलेला असला तरी. मी विचारलं, मग काल काय पडलं हे कळणार कसं? तिने सांगितलं की सगळं जग असंच लिहितं, त्यामुळे काही बिघडत नाही. आता तिच्याबद्दल लिहायला बसलो की मला हे आठवतं. हातात येतं ते सगळं कालचं असतं आणि तारीख आजची टाकावी लागते.

एखाद्या दिवशी मोजणं चुकलं, तर तिथे काय लिहायचं ह्याबद्दल ती फार कडक होती. "वाचन नाही" एवढे दोन शब्द लिहायचे. शून्य लिहायचं नाही, अंदाज लिहायचा नाही, शेजारच्याला विचारून लिहायचं नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. वाचन नाही म्हणजे आपल्याला माहीत नाही. ह्या दोन गोष्टींत गल्लत करणारी माणसं तिला परीक्षेतसुद्धा पास करवत नसत.

ह्यामागे एक जुनी गोष्ट होती. ती प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात असताना कोकणातल्या एका गावाच्या नोंदी वापरत होती. तिथले आकडे एक शाळामास्तर लिहीत. अक्षर मोत्यासारखं, एक दिवस खाडा नाही. त्याच नोंदींतल्या एका आठवड्यावर ती अडखळली. आठ दिवस, रोज थोडा थोडा, शहाण्यासारखा पाऊस. कुठे शून्य नाही, कुठे ऐंशी-नव्वद नाही. खरा पाऊस बेपर्वा असतो, असं ती म्हणायची. एक दिवस काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी घर बुडवेल. माणसाने मनाने रचलेला पाऊस सभ्य असतो. ती एसटीने त्या गावी गेली. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी काहीही आढेवेढे न घेता सांगितलं की धाकट्या मुलीचं लग्न होतं रत्नागिरीला, तेव्हा पुढच्या आठ दिवसांचा पाऊस आधीच लिहून गेलो. वही कोरी दिसायला नको म्हणून. त्यांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. येताना पिशवीभर आमसुलं दिली. घरी येऊन ती हसत हसत हे सगळं मला सांगत होती, पुढच्या आठवड्याचा पाऊस आधी लिहून लग्नाला गेले, श्री, आणि वर मला म्हणतात साधारण बरोबर आला असेल ना हो? आणि त्याच दिवशी तिने त्या गावाची सगळी वर्षं प्रबंधातून काढून टाकली. एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. पदवी वर्षभराने लांबली, त्यामुळे एक नोकरीही गेली. तिच्या मार्गदर्शकांनी सुचवलं होतं की तेवढा आठवडा वगळा, बाकीचं राहू द्या. ती म्हणाली, ज्याने आठ दिवस रचले त्याने आणखी किती रचले हे मला कळणार नाही. मास्तरांना ती पुढे दर दिवाळीला पत्र पाठवत असे. आमसुलंही येत राहिली.

हे मला माहीत होतं. सगळं माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

त्या वर्षी सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्र चालू असताना, तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. आजार दोन वर्षं जुना होता आणि तो आता कुठे चालला आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते बोलून दाखवायचं काम तिने केलं. मी करू शकलो नाही. डॉक्टर तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की औषध चालू ठेवलं तर थोडे दिवस मिळतील, पण ते इथेच काढावे लागतील. घरी जायचं तर औषध थांबवून फक्त वेदना कमी ठेवता येतील. अनघाने विचार केला आणि सांगितलं, "पाऊस गेला की मला घरी सोडा. सलग पाच कोरडे दिवस झाले की. श्री मोजतोय."

डॉक्टरांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि केसपेपरवर काहीतरी लिहिलं.

तिच्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती काच वातानुकूलनाच्या खोक्यांकडे उघडणारी, तीही गच्च बंद. फोनचा पडदा बघून तिचे डोळे दुखत, त्यामुळे फोन ती फक्त कानाला लावत असे. शहरातल्या बाकीच्या पावसाशी तिला तसंही देणंघेणं नव्हतं. मी सांताक्रूझचा आकडा सांगितला तर म्हणायची, ते सांताक्रूझला सांग. तिला आमच्या गच्चीवरचा आकडा हवा असे. मी रोज साडेआठला मोजायचो, वहीत लिहायचो, जेवणाचा डबा भरायचो आणि पश्चिमेला जायचो. मी दारात दिसलो की तिचा पहिला शब्द असे, "किती?"

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, असं म्हणायला जीभ अडखळते, पण ते चांगले होते. पाऊस भरपूर होता. एका दुपारी इतका कोसळला की मी रुग्णालयातून निघूच शकलो नाही. दुसऱ्या दिवशी मी आकडा सांगितला तेव्हा तिने डोळे मिटून तो हळूच पुन्हा उच्चारला, चव घेतल्यासारखा. मी उकडलेल्या ओल्या शेंगा घेऊन जायचो. खाणं तिला जमत नसे. ती एक शेंग सोलायची, वास घ्यायची आणि दाणे माझ्या हातावर ठेवायची. नर्सबाईंना ती विचारायची की तुमच्याकडे, कळव्याला, काल किती वाजता वीज कडाडली? त्या बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी घड्याळ बघून सांगू लागल्या.

मग हस्त लागलं आणि पाऊस ओसरला. एक दिवस शून्य. दुसरा दिवस शून्य. ती उजव्या हाताची बोटं मिटून मोजत असे. चौथ्या दिवशी तिची चार बोटं मिटलेली होती आणि ती माझ्याशी घराबद्दल बोलली. पलंग गॅलरीच्या दाराशी सरकव, म्हणाली. पूर्वेकडे तोंड करून.

पाचव्या सकाळी मी गच्चीवर गेलो. डब्यातली बाटली मी काढून बघितली नाही. आभाळ निळं होतं आणि मिठागरांवर दोन माणसं फावडी घेऊन उतरली होती. मी खाली आलो, वही उघडली आणि दोन पूर्णांक चार मिलिमीटर असं लिहिलं. हे लिहायचं असं मी आदल्या दिवशी ठरवलं नव्हतं. पेन टेकलं तेव्हाही ठरवलं नव्हतं. तिने घरी येऊ नये असं मला वाटत नव्हतं. घरी आली की संपलं, एवढंच वाटत होतं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर हात धुवायच्या नळाखाली मी छत्री ओली केली आणि ती झटकत वर गेलो.

"किती?"

"दोन पॉइंट चार."

"कधी पडला?"

"पहाटे असेल. मला जाग नाही आली."

 तिने मिटलेली चार बोटं एकेक करून उघडली आणि हात चादरीवर पालथा ठेवला.

त्यानंतर मी गच्चीवर जाणं बंद केलं. सावंत कुलूप उघडून ठेवत, मी जिन्यापर्यंत जाऊन परत येई. माझा हिशेब असा होता की वर जाऊन शून्य बघितलं आणि दुसरं लिहिलं तर ते खोटं. बघितलंच नाही तर तो नुसता अंदाज. ज्या बाईने शून्य आणि माहीत नाही ह्यांतला फरक मला शिकवला, तिच्याच शिकवणुकीचा मी असा उपयोग केला. मी दिवस दिवस रुग्णालयात असे. संध्याकाळी घरी येताना कधी रस्ता ओला दिसे, पण तो कशाने आणि किती, हे मला ठरवता येत नव्हतं आणि ठरवायचंही नव्हतं. मधे एखाद-दोन शून्यं ठेवायची आणि मग थोडा पाऊस पाडायचा. असे अकरा आकडे मी लिहिले. तिची बोटं दोनच्या पुढे परत गेली नाहीत.

आठव्या की नवव्या दिवशी ती म्हणाली, "तुझे आकडे हल्ली फार शहाण्यासारखे येतायत, श्री."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हणजे काही नाही. पाणी दे."

मी पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि मला वाचायला सांगितलं. मी प्रवासवर्णन वाचत होतो, ती झोपली. बाराव्या दिवशी तो फोन आला.

सगळे विधी उरकल्यावर मी गच्चीवर गेलो. बाटलीत पाणी होतं. थोडंसं, पण होतं. म्हणजे त्या दिवसांत कधीतरी खरोखरच पडला होता. ते पाणी मी मोजलं नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि खाली आलो.

वह्या दोन वर्षं कपाटात होत्या. गेल्या रविवारी प्रिस्का आली. ती अनघाची शेवटची विद्यार्थिनी, गोराईच्या गावठाणातली, आता एका कॉलेजात शिकवते. सकाळी खाडी ओलांडून बोरिवलीला, तिथून बस बदलत मुलुंडला, आणि हातात आईने केलेल्या फुगियांचा डबा. अनघाला ते गोल, पोकळ, तळलेले फुगे फार आवडत. आमच्या गच्चीच्या सगळ्या वर्षांवर ती एक पेपर लिहिते आहे. मॅडमचं नाव पहिलं घालणार आहे. वह्यांची पानं तिने मागेच फोटो काढून नेली होती. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने मला आलेख दाखवला. वर्षागणिक एक ठिपका, वहीतला शेवटचा पाऊस ज्या दिवशी पडला त्याचा. ठिपके वरखाली होत होत हळूहळू वर चढत होते आणि सगळ्यात शेवटचा सगळ्यात वर होता.

"काय झकास सिरीज आहे ना, सर? आणि हे शेवटचं वर्ष बघा. मॅडम असत्या ना, तर नाचल्या असत्या. आणि सर, निरीक्षक म्हणून तुमचं पण नाव टाकायचंय मला."

मी चहा ठेवायला उठलो. चहा केला, गाळला, तिच्यासमोर ठेवला. ह्या पेपरसाठी तिने दोन वर्षं दिली होती. मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कधीही कळलं नसतं. अनघाच्या नावावर एक चांगला पेपर झाला असता आणि त्यातला सगळ्यात वरचा ठिपका माझ्या नळाखालच्या छत्रीचा असता.

"प्रिस्का, ते शेवटचे अकरा आकडे माझे आहेत."

"तुमचेच ना सर. मॅडम तर ॲडमिट होत्या."

"माझे म्हणजे मी रचलेले."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "सगळे?"

"सगळे."

"वाट लागली," ती अगदी हळू म्हणाली. मग सॉरी म्हणाली. मग तिने विचारलं, का? मी पाच कोरड्या दिवसांचं सांगितलं, डॉक्टरांचं, बोटांचं. छत्रीचंही सांगितलं. आजवर हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. प्रिस्काने चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"सर, त्या आठवड्यात मॅडमचा मला फोन आला होता," ती म्हणाली. "विचारत होत्या, गोराईला पाऊस आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही मॅडम, कडकडीत ऊन आहे, डॅडीने भाताचं बघायला सुरुवात पण केली. तर हसल्या. म्हणाल्या, मुलुंडला पडतोय गं. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाल्या, मुलुंडचा पाऊस श्री मोजतो. तो म्हणेल तेवढा."

मी हे वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

गेला आठवडाभर मी त्याचाच विचार करतो आहे. तिला कळलं होतं, असं एक मन म्हणतं. खोटा पाऊस ओळखण्यात तिने हयात घालवली होती, माझे अकरा आकडे तिला कसे फसवणार? आणि कळूनही ती घरी सोडा म्हणाली नाही. पलंग गॅलरीशी सरकवला का, हे तिने पुन्हा विचारलं नाही. माझ्यासाठी ती त्या खिडकी नसलेल्या खोलीत राहिली, असा ह्याचा अर्थ होतो, आणि तो अर्थ मला सुखाचाही वाटतो आणि सोसवतही नाही. दुसरं मन म्हणतं की परतीचा पाऊस असाच असतो. गोराईला ऊन आणि मुलुंडला सर, हे तिनेच आम्हाला शिकवलं. कदाचित तिने माझ्यावर विश्वास ठेवला, बस. बाटलीत पाणी होतंच की.

प्रिस्काने विचारलं होतं, तळटिपेत हे आकडे वगळल्याचं कारण काय लिहू? निरीक्षक उपलब्ध नव्हता, असं लिहू का? तिला मला वाचवायचं होतं. मी नको म्हटलं. आकडे निरीक्षकाने मनाने लिहिले होते म्हणून वगळले, असं लिही. त्यावर ती म्हणाली की मग सर, वहीत तुम्हीच खोडा, माझा हात नाही होणार. मी त्या वर्षाची वही काढली. अकरा आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, खालचा आकडा दिसेल अशी, तिची तशीच पद्धत होती. पुढे प्रत्येक ओळीत वाचन नाही असं लिहिलं आणि सही केली. बाराव्या, त्या गुरुवारच्या कोऱ्या ओळीतही लिहिलं. मास्तरांची सगळी वर्षं तिने टाकली होती, हे प्रिस्काला ठाऊक आहे. मी मोजलेली बाकीची वर्षं ठेवायची की नाही, हे मी तिच्यावर सोपवलं आहे. तिने अजून कळवलेलं नाही. पेपर थांबला आहे.

सावंत काल भेटले. यंदा शेडचं काम नक्की होणार आहे, नवरात्र झालं की. मला सांगताना ते जमिनीकडे बघत होते. मी हरकत घेतली नाही. पर्जन्यमापक प्रिस्का घेऊन जाणार आहे, तिच्या कॉलेजच्या गच्चीवर बसवायला.

वह्या माझ्याकडे आहेत. त्या वर्षी मुलुंडला पाऊस कधी संपला आणि अनघाने कुठल्या दिवशी घरी यायला हवं होतं, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.